सुपारी सगळ्यांना, इनाम एकाला

गावच्या यात्रेचा खर्च कमिटीच्या वहीत कसा मांडलेला असतो, ते पाहण्यासारखं आहे. मंडपवाल्याची सुपारी ठरलेली असते, ध्वनिक्षेपकवाल्याची ठरलेली असते, हलगीवाल्यांची आणि रात्रीच्या तमाशाची तर कितीतरी आधी पोहोचलेली असते. त्या दिवशी हलगी जरा कमी घुमली म्हणून वादकाला कुणी रिकाम्या हाताने घरी पाठवत नाही. कुस्त्यांचा रकाना मात्र निराळ्या रीतीने भरला जातो. तिथे जोडीपुढे एक आकडा लिहिलेला असतो आणि तो सहसा जिंकणाऱ्याचा असतो. ज्यांच्यासाठी पाच-सात गावांची माणसं उन्हात मैदानाभोवती दाटीवाटीने बसलेली असतात, त्या दोघांपैकी एक जण इनाम घेऊन जातो. दुसऱ्याच्या हातावर कमिटीच्या मनाला येईल ते पडतं. कधी थोडेफार पैसे, कधी प्रवासखर्च, कधी नुसता नारळ. साऱ्या यात्रेत ज्याचा मेहनताना निकालावर टांगलेला आहे, असा कामकरी बहुधा पैलवान एकटाच असतो. पैलवानाला न्याय्य मोबदला मिळतो का, या प्रश्नाचं उत्तर आपण इनामाच्या आकड्यात शोधतो. आकडा मोठा दिसला की समाधान मानतो, लहान दिसला की हळहळतो. पण आकडा बाजूला ठेवून लढतीची जोखीम कुणाच्या अंगावर टाकली आहे ते तपासलं, तर उत्तर जास्त स्वच्छ दिसतं. ते उत्तर पैलवानाच्या बाजूचं नाही.

हा प्रश्न मुळशी तालुक्यात उभं राहून विचारावा, इतकं या तालुक्याचं आणि कुस्तीचं नातं घट्ट आहे. पश्चिमेला घाटमाथ्यावर विंझाई देवीचं ताम्हिणी, पूर्वेला पौड-पिरंगुटच्या पुढे पुणे शहराची हद्द, आणि मधल्या खोऱ्यांत भाताची खाचरं. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद उभी करणारे मामासाहेब मोहोळ याच मुळशीचे. महाराष्ट्र केसरीला मिळणारी मानाची गदा त्यांच्याच स्मरणार्थ दिली जाते. १९६१ साली औरंगाबादेत दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी झाले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या मैदानात ही गदा उचलणारा पृथ्वीराज मोहोळ पुन्हा मुळशीचाच निघाला. त्याला गदेबरोबर थार गाडी मिळाली. त्याआधी जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात कोथरूडला शिवराज राक्षे जिंकला, तेव्हा थार गाडी आणि पाच लाख रुपये रोख असं बक्षीस होतं. उपविजेत्या महेंद्र गायकवाडला ट्रॅक्टर मिळाला. अशा बातम्या वाचल्या की कुस्तीला बरे दिवस आले, असं वाटणं साहजिक आहे. पण त्याच्या आदल्याच स्पर्धेची गोष्ट आठवावी. एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्यात कोल्हापूरचा पृथ्वीराज पाटील महाराष्ट्र केसरी झाला आणि आपल्याला गदा मिळाली, पण आयोजकांकडून रोख बक्षीस मिळालं नाही, ही खंत त्याला जाहीरपणे बोलून दाखवावी लागली. नंतर गाजावाजा झाल्यावर मदतीचे हात पुढे आले. स्पर्धा तीच, मान तोच, आणि वर्षभराच्या आत एका विजेत्याला रिकामी ओंजळ तर दुसऱ्याला गाडी. याचा अर्थ असा की राज्यातल्या सर्वांत मोठ्या किताबालाही स्वतःचा असा दर नाही. त्या वर्षीचा आयोजक किती दिलदार आणि किती वजनदार, यावर तो ठरतो. ज्या मोबदल्याचा आकडा दात्याच्या मनावर अवलंबून असतो, तो कितीही मोठा असला तरी त्याला बक्षिसी म्हणावं लागेल. बक्षिसीवर कुणाला आयुष्य बेतता येत नाही.

आता दुसरी बाजू, म्हणजे पैलवानाचा खर्च पाहू. तालमीत राहणाऱ्या होतकरू मल्लाला दिवसाला दोन लिटर दूध, शंभर ग्रॅम बदाम, तूप, अंडी, फळं आणि एक दिवसाआड पाव किलो मटण एवढंच धरलं, तरी आजच्या बाजारभावाने दिवसाचा खुराक पाचशे रुपयांच्या आसपास जातो. महिन्याचे झाले पंधरा हजार, वर्षाचे एक लाख ऐंशी हजार. सोळाव्या वर्षी तालमीत गेलेला मुलगा चोविसाव्या वर्षी मोठ्या जोडीला उभा राहतो असं मानलं, तर आठ वर्षांत नुसता खुराकच साडेचौदा लाखांच्या घरात जातो. तालमीचं भाडं, प्रवास, औषधपाणी आणि त्या वर्षांत त्याने दुसरीकडे कमावले असते ते पैसे यात धरलेलेच नाहीत. म्हणजे वर्षातून एका मल्लाला मिळणारी ती गाजलेली गाडी फार तर त्याच्या तयारीचा खर्च भरून काढते. त्याच स्पर्धेत उतरलेल्या शेकडो मल्लांचा खर्च त्यांच्या घरच्या शेतीवर, म्हशींवर आणि बापाच्या कर्जावर पडतो. त्यातून कुस्ती हा हंगामी धंदा. यात्रा-जत्रांचा भर उन्हाळ्यात, चैत्र-वैशाखाच्या सुमाराला. ताम्हिणीचा घाट राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत मोडतो. तिथे एकदा पाऊस लागला की मातीतलं मैदान भरवण्याचा प्रश्नच येत नाही, आणि पूर्वेकडेही जून ते सप्टेंबर आखाडे थंडच असतात. तयारी बारा महिने आणि कमाईची आशा तीन-चार महिन्यांची. त्या तीन-चार महिन्यांत गुडघ्याचा सांधा निसटला किंवा मान आखडली की तो हंगाम गेलाच, बहुतेकदा पुढचाही. खांद्याची किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया खाजगी रुग्णालयात लाखाच्या पुढे जाते, आणि ज्या मैदानात ती दुखापत झाली त्या मैदानाच्या कमिटीवर त्याची कसलीही जबाबदारी येत नाही.

ही व्यवस्था अशी का झाली, ते समजायला थोडं मागे जावं लागतं. संस्थानी काळात मल्ल हा दरबाराचा माणूस होता. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला, तालमींना बळ दिलं आणि १९१२ साली खासबाग मैदान उभं राहिलं. बडोद्याच्या गायकवाडांपासून सांगली, मिरज, औंधच्या संस्थानिकांपर्यंत अनेकांनी कमी-अधिक प्रमाणात हेच केलं. त्या व्यवस्थेत दोष होतेच. राजाची मर्जी फिरली की सगळं संपे. पण तिच्यात एक गोष्ट पक्की होती: खुराक आणि निवारा रोजचा होता आणि इनाम त्याच्या वरचं होतं. हरलेल्या मल्लाचं दूध दुसऱ्या दिवशी बंद होत नसे. १९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान विलीन झालं, इतर संस्थानं त्याच सुमाराला विलीन झाली. राजाश्रयाचे दोन भाग होते, रोजचा आधार आणि प्रसंगाचं इनाम. त्यांतलं इनाम गावांनी उचललं, कारण ते एका दिवसात वर्गणी काढून देता येतं आणि देणाऱ्याचं नाव पुकारलं जातं. रोजचा आधार मात्र कुणीच पुरता उचलला नाही. या फटीत सापडलेला सर्वांत मोठा मल्ल म्हणजे कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला त्यांना कोल्हापूरच्या महाराजांचं साहाय्य मिळालं. १९५२ च्या हेलसिंकीला जाताना मात्र लोकांकडून पैसे गोळा करावे लागले, आणि राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन आले, आणि परतल्यावर कुस्त्यांचे फड करून त्यांनी ते घर सोडवून दिलं. देशाच्या पदकाचं कर्ज पदकविजेत्याने स्वतःच्या अंगावर पुन्हा माती घेऊन फेडलं, हा आपल्या क्रीडा-इतिहासातला अभिमानाचा प्रसंग म्हणून सांगितला जातो. तो खाशाबांच्या आणि खर्डेकरांच्या थोरवीचा पुरावा आहे यात शंका नाही. त्याच वेळी तो व्यवस्थेच्या दिवाळखोरीचाही पुरावा आहे. १९५५ मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक झाले, निवृत्तीनंतर पेन्शनसाठी झगडले, १९८४ मध्ये अपघातात गेले, आणि अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर, २००० साली जाहीर झाला.

हा केवळ आपल्या गरिबीचा किंवा गावकीचा दोष आहे, असं कुणाला वाटत असेल, तर जगातल्या सर्वांत श्रीमंत झुंजीच्या धंद्याकडे पाहावं. एमएमए म्हणजे मिश्र मार्शल आर्ट्स. यात कुस्ती, बॉक्सिंग, जुजुत्सू, लाथांचे खेळ असं सगळं एकाच जाळीदार पिंजऱ्यात चालतं. या खेळातली सर्वांत बलाढ्य कंपनी अमेरिकेची यूएफसी. २००१ मध्ये ती वीस लाख डॉलरना विकली गेली होती. २०१६ मध्ये तिची किंमत चार अब्ज डॉलरच्या घरात गेली. २०२५ मध्ये तिने अमेरिकेतल्या प्रसारण हक्कांसाठी सात वर्षांचा ७.७ अब्ज डॉलरचा करार केला. आपल्याकडचे पैलवानही तिथवर पोहोचले आहेत. महाराष्ट्रातून आलेला, कुस्तीत तयार झालेला भारत खंडारे नोव्हेंबर २०१७ मध्ये शांघायला यूएफसीच्या पिंजऱ्यात उतरला. भारतात घडलेला लढवय्या त्या मंचावर दिसण्याची ती पहिली वेळ. मुंबईतही २०१२ मध्ये सुपर फाइट लीग आणि २०१९ मध्ये मॅट्रिक्स फाइट नाइट सुरू झाल्या. यूएफसीतला नवख्याचा करार बरीच वर्षं असा चालत आला आहे: पिंजऱ्यात उतरण्याचे साधारण दहा-बारा हजार डॉलर आणि जिंकल्यास आणखी तेवढेच. आकडा ऐकायला मोठा वाटतो. पण वर्षाला दोन-तीन झुंजी, त्यांतून प्रशिक्षक, व्यवस्थापक, सराव-जोडीदार, कर असं सगळं वजा केलं, की अमेरिकेच्या महागाईत हातात सामान्य पगारही उरत नाही. २०१४ मध्ये काही लढवय्यांनी कंपनीवर मक्तेदारीविरोधी खटला भरला. त्या खटल्यात पुढे आलेल्या कागदपत्रांवरून जगाला कळलं की कंपनीच्या उत्पन्नातला जेमतेम पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही कमी लढणाऱ्यांना मिळत होता, तर अमेरिकेतल्या बास्केटबॉल आणि अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये खेळाडूंचा वाटा निम्म्याच्या जवळपास असतो. फरक पडतो तो संघटनेमुळे. बास्केटबॉलपटूंची मजबूत युनियन आहे, ती मालकांशी सामुदायिक करार करते. पिंजऱ्यात लढणारा प्रत्येक जण एकटाच वाटाघाटीला बसतो. न्यायाधीशांनी २०२४ मध्ये ३३.५ कोटी डॉलरची तडजोड अपुरी म्हणून नाकारली आणि अखेर फेब्रुवारी २०२५ मध्ये ३७.५ कोटी डॉलरच्या तडजोडीवर शिक्कामोर्तब झालं. हजाराहून अधिक लढवय्यांना जुन्या झुंजींची भरपाई मिळण्याची वाट त्यातून मोकळी झाली.

ताम्हिणीच्या घाटमाथ्यावरचा आखाडा आणि लास व्हेगासचा पिंजरा यांत पैशाचं अंतर प्रचंड आहे, तरी दोन्हीकडे मोबदल्याचा आराखडा एकाच जातीचा दिसतो. लढणारा एकटा असतो, पर्याय मोजके असतात, आणि हरण्याची किंमत त्याच्याच खिशातून जाते. मात्र ज्या कंपनीला आपण कंजूस म्हणतो, तिच्याकडे दोन गोष्टी आपल्या आखाड्यापेक्षा पुढच्या आहेत. एक, हरला तरी उतरण्याचे पैसे ठरलेले असतात आणि ते करारात लिहिलेले असतात. दोन, २०११ पासून तिथे सरावात झालेल्या दुखापतीलाही विम्याचं छत्र आहे. आपल्याकडे या दोन्हींचा पत्ता नाही. उलट बाजूने आपल्याच क्रिकेटचं उदाहरण घेऊ. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या प्रसारण हक्कांतून ४८,३९० कोटी रुपये आले, म्हणजे वर्षाला साडेनऊ हजार कोटींहून जास्त. दहा संघांची २०२५ ची खेळाडूंच्या लिलावातली खर्चमर्यादा प्रत्येकी १२० कोटी, एकूण १,२०० कोटी. हिस्सा म्हणून पाहिलं तर हा एमएमएपेक्षाही लहान वाटा आहे. तरीही आयपीएलमधला सर्वांत स्वस्त खेळाडू उपाशी आहे असं कुणी म्हणत नाही, कारण तीस लाखांच्या किमान बोलीला घेतलेला खेळाडू पूर्ण हंगाम उपलब्ध राहिला, तर त्याला मैदानात उतरवलं किंवा नाही उतरवलं तरी ठरलेले पैसे मिळतात. यावरून न्याय्य मोबदल्याचा क्रम लावता येतो. सर्वांत आधी खात्रीचा पाया हवा, मग दुखापतीचं संरक्षण, मग उत्पन्नात हिस्सा, आणि सर्वांत शेवटी जिंकणाऱ्याचं इनाम. कुस्तीत आपण हा क्रम उलटा लावून बसलो आहोत.

यावर पहिला आक्षेप येतो तो गावाच्या ऐपतीचा. डोंगरातल्या चाळीस-पन्नास उंबऱ्यांच्या वाडीने कुणाकुणाला हमी द्यायची? आक्षेप खरा आहे, आणि लहान गावाच्या नारळावरच्या कुस्त्यांना कुणी करारनामे मागू नयेत. तिथे पोरं हौसेने लढतात, ती कुस्तीची शाळा आहे. पण लाखाच्या जोड्या लावणाऱ्या मैदानांना हा आक्षेप लागू होत नाही. गेल्या तीस वर्षांत हिंजवडीचं आयटी पार्क, पिरंगुटचे कारखाने आणि जमिनींचे भाव यांनी मुळशीच्या पूर्व भागात पैसा आणला, आणि तो यात्रांच्या फलकांवर दिसतो. बैलगाडा शर्यतींची बंदी उठल्यावर पुणे जिल्ह्यातल्या घाटांत जीपगाड्या आणि ट्रॅक्टर बक्षीस म्हणून लागले. पैसा आहे, पण तो एका टोकाला, एका क्षणाला, एका नावाने द्यायची आपली रीत आहे. एक लाखाच्या कुस्तीत तेवढ्याच एक लाखाची वाटणी बदलता येते: दोघांना उतरण्याचे तीस-तीस हजार, जिंकणाऱ्याला वरचे चाळीस. विजेता सत्तर घेऊन जाईल, पराभूत तीस. गावावर एका रुपयाचाही बोजा वाढणार नाही. त्या दिवसापुरता सामुदायिक अपघात विमा काढायचा म्हटला, तरी त्याचा हप्ता मंडपाच्या झालरीपेक्षा जास्त होणार नाही. भातलावणीला आलेल्या मजुराला त्या दिवसाची मजुरी मिळते, पुढे पीक आलं की नाही यावर ती थांबत नाही. मुळशीतल्या कुठल्याही शेतकऱ्याला हा न्याय समजावून सांगावा लागत नाही. तो आखाड्यापर्यंत आणायचा आहे, एवढंच.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे आणि तो कुस्ती जाणणारे लोकच घेतात. हरणाऱ्याला पैसे मिळायला लागले तर लढायचं कोण? मग नुसती खडाखडी होईल, आधी ठरवलेल्या नुरा कुस्त्या होतील, प्रेक्षक उठून जातील. अर्थशास्त्रातही या म्हणण्याला आधार आहे. एडवर्ड लेझियर आणि शेर्विन रोझेन यांनी १९८१ मध्ये मांडलं की पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाच्या बक्षिसांतलं अंतर वाढलं की स्पर्धक जास्त जोर लावतात. पण त्यांचा विचार प्रामुख्याने नोकरदारांच्या बढतीचा होता. तिथे बढती न मिळालेल्याचाही पगार चालू असतो. अंतर असतं ते त्या पगाराच्या वर. पाया शून्य असताना काय होतं, ते आखाड्यातच दिसतं. दोन बरोबरीचे मल्ल समोर आले, दोघांनाही हरल्यास हंगाम वाया जाण्याची भीती असली, तर दोघांच्याही सोयीचं एकच असतं: जोखीम न घेणं. कुस्ती अर्धा तास रेंगाळते, बरोबरीत सुटते, आणि इनाम विभागलं जातं. आधी ठरवून लढण्याचा मोहही यातूनच येतो, कारण आपसात वाटणी करणं हाच त्या दोघांना परवडणारा विमा असतो. आयोजकाने तो विमा उघडपणे दिला, तर लपून वाटणी करण्याचं कारणच कमी होतं. ज्याला तीस हजार नक्की मिळणार आहेत, तो वरच्या चाळीस हजारांसाठी डाव टाकायला धजावेल. राहता राहिला आळशीपणाने उतरणाऱ्यांचा प्रश्न. त्याला उपाय आहेतच: वेळेची मर्यादा, गुणांवर निकाल, पंचांना नीट प्रशिक्षण, आणि हात न घालणाऱ्या जोडीची हमीची रक्कम कापण्याचा आधीच जाहीर केलेला नियम. पंचांच्या निर्णयाचं महत्त्व किती आहे, ते २०२५ च्या अहिल्यानगरच्या स्पर्धेने दाखवलं. निकालावरून शिवराज राक्षेने पंचाला लाथ मारली आणि तीन वर्षांची बंदी ओढवून घेतली. पंचावर हात किंवा पाय उगारणं अक्षम्यच आहे. पण एका निर्णयावर एखाद्याची वर्षानुवर्षांची कमाई टांगलेली असेल, तर पंचावरचा ताण आणि मल्लाचा तोल या दोन्हींची परीक्षा आपणच जास्त कठोर करून ठेवतो, हेही मान्य करायला हवं.

तिसरा आक्षेप असा की मोबदला रोख पैशातच मोजू नये. कुस्तीतून सरकारी नोकरी मिळते, तीच खरी कमाई. विजय चौधरी, नरसिंग यादव, राहुल आवारे हे पोलीस दलात उपअधीक्षक दर्जाला पोहोचले, सरकारी भरतीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, हे सगळं खरं. या नोकऱ्यांनी कित्येक घरं उभी केली. पण नोकरी हेही पुन्हा इनामच झालं, फक्त जास्त मोठं. ते शिखरावरच्या मोजक्यांना मिळतं आणि त्यांच्या खाली राहिलेल्या हजारोंसाठी तेवढीच आशा तालमीत वर्षं काढण्याचं कारण बनते. राज्य सरकारचं मानधन हा त्यामानाने योग्य दिशेचा उपाय, कारण ते निकालाच्या दिवसाला बांधलेलं नसतं. जानेवारी २०२३ मध्ये कोथरूडच्या स्पर्धेतच तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी हे मानधन सहा हजारांवरून वीस हजारांपर्यंत आणि वयोवृद्ध मल्लांचं अडीच हजारांवरून साडेसात हजारांपर्यंत नेण्याची घोषणा केली. जुने आकडे वर काढलेल्या खुराकाच्या हिशेबाशेजारी ठेवून पाहावेत. महिन्याच्या सहा हजारांत पंधरा दिवसांचाही खुराक होत नव्हता. वाढ मोठी आहे, आणि तिचं मोल ती दर महिन्याला वेळेवर खात्यात पडते का यावर ठरेल. शिवाय ती नाव झालेल्यांसाठी आहे. तालमीत तयार होत असलेला, अजून नाव न झालेला मुलगा तिच्या बाहेरच राहतो. त्याच्या घडलेल्या शरीराला आखाड्याबाहेरही गिऱ्हाईक असतं. जमिनींचे व्यवहार, वसुली, दहशत यांत तरणीताठी पोरं कशी ओढली जातात, ते २०१८ च्या प्रवीण तरडे यांच्या ‘मुळशी पॅटर्न’ या चित्रपटाने साऱ्या महाराष्ट्राला दाखवलं. कष्टाच्या मार्गाने खुराक भागत नसेल, तर तो भागवणारा दुसरा कुणी दारात उभाच असतो. न्याय्य मोबदला हा म्हणूनच फक्त पैलवानाच्या कल्याणाचा विषय राहत नाही, तो गावाच्या शांततेचाही होतो.

शेवटचा आक्षेप भावनेचा आहे: कुस्ती ही साधना, तिला मजुरीच्या मापाने मोजू नका, शिवाय कुणी बळजबरी केलेली नाही, मल्ल आपखुशीने लढतो. साधनेबद्दलचा आदर मलाही तितकाच आहे, आणि म्हणूनच ती साधना फक्त ऐपतदार घरांपुरती उरू नये असं वाटतं. गायकालाही आपण साधक म्हणतो, तरी मैफल रंगली नाही म्हणून त्याची बिदागी रोखत नाही. मान आणि मोबदला यांत वैर नाही. वैर असलंच तर ते मानाच्या नावाखाली मोबदला बुडवण्याशी आहे. आपखुशीचं म्हणाल, तर जिथे दुसरा खरेदीदार नाही तिथल्या आपखुशीचं मोल बेताचंच असतं. महाराष्ट्रात गेली काही वर्षं परिषदेच्या वादातून दोन-दोन महाराष्ट्र केसरी स्पर्धा होत आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये फुलगावला सिकंदर शेख जिंकला, तर धाराशिवला शिवराज राक्षे. २०२५ मध्ये अहिल्यानगरनंतर कर्जतच्या स्पर्धेत वेताळ शेळके महाराष्ट्र केसरी झाला. दोन आयोजक झाले म्हणजे मल्लांचा भाव वाढायला हवा होता. झालं असं की किताबाचं वजन विभागलं गेलं आणि मल्लांना कोणत्या गटात उतरायचं याची चिंता वाढली, कारण दोन्हीकडे वाटाघाटीच्या टेबलावर मल्लांचा म्हणून कुणी बसलेला नव्हता. महिलांची स्थिती आणखी पाठीमागे. त्यांची पहिली महाराष्ट्र केसरी मार्च २०२३ मध्ये सांगलीत झाली आणि प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. पुरुषांनंतर तब्बल ६२ वर्षांनी. यात्रांच्या मैदानांत मुलींच्या जोड्या आता लागतात, पण त्यांच्या इनामाचा आकडा सहसा यादीत खालीच असतो. खुराक मात्र दुकानदार त्यांना स्वस्तात देत नाही.

मग करायचं काय? मोठ्या मैदानांनी, म्हणजे जिथे एखाद्या जोडीचं इनाम पन्नास हजारांच्या वर आहे अशा मैदानांनी, चार गोष्टी पत्रिकेवरच छापाव्यात: उतरण्याची रक्कम, जिंकण्याची रक्कम, बरोबरी झाल्यास काय, आणि विमा कुणाचा. राज्य पातळीवरच्या स्पर्धेचं किमान बक्षीस नियमात बांधावं आणि स्पर्धा भरवण्याचा मान देण्याआधी ती रक्कम आयोजकाकडून जमा करून घ्यावी, म्हणजे साताऱ्याची नामुष्की पुन्हा ओढवणार नाही. दात्यांना वरून गाडी द्यायची तर खुशाल द्यावी. प्रसारणाचे, जाहिरातींचे पैसे जिथे येतात तिथे त्यातला ठरावीक हिस्सा उतरणाऱ्या सर्व मल्लांत वाटला जावा. आणि मल्लांची स्वतःची संघटना हवी, निवडून दिलेली, चालू मल्ल आणि निवृत्त मल्ल दोघांची, महिलांसह. वस्तादांचा आशीर्वाद तिला असावा, पण स्वाक्षरीचा अधिकार लढणाऱ्यांचा असावा. अमेरिकेतल्या लढवय्यांना न्यायालयात दशकभर भांडून जे थोडं मिळालं, ते आपल्याकडे एका ठरावाने मिळू शकतं, कारण आपल्याकडे मालक म्हणजे कुणी परकी कंपनी नाही. आपलीच गावं, आपल्याच कमिट्या, आपलीच परिषद आहे.

पैलवान घडायला आठ-दहा वर्षं लागतात आणि त्या वर्षांचा पहिला निर्णय त्याचे आई-वडील घेतात. मुलगा किंवा मुलगी तालमीत घालावी का, हे ठरवताना ते विचारतात तो प्रश्न अगदी व्यवहाराचा असतो: जिंकला तर ठीक, पण चांगला लढूनही मागे राहिला तर त्याच्या हाती काय? महाराष्ट्र केसरी एका वर्षी एखाद-दुसराच होतो, त्यामुळे हा प्रश्न बाकी सगळ्यांच्या घरचा आहे. आज त्याला नशिबाखेरीज उत्तर नाही, आणि नशिबाच्या भरवशावर घातलेल्या पोरांनी तालमी फार काळ भरलेल्या राहणार नाहीत. ज्या दिवशी या आई-वडिलांना ठरलेला दर, लिहिलेला करार आणि दुखापतीचा विमा दाखवता येईल, त्या दिवशी पैलवानाला न्याय्य मोबदला मिळतो असं म्हणण्याचा अधिकार आपल्याला येईल.